माळ्यावरची राणी

पाऊस सरला की मी माळा आवरायला काढते. यंदा गाद्यांमागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हाती लागला. उघडून पाहते तो काय, माझ्या सात कॅसेटी! 'क्वीन' या इंग्लंडच्या रॉक बँडच्या. 2012 साली लग्न होऊन आले तेव्हा साड्यांच्या घड्यांत लपवून आणल्या होत्या. नव्या सुनेनं असलं काही ऐकलेलं चालेल का, या धास्तीनं डबा वर गेला तो गेलाच.

दादानं पुण्याहून पहिली कॅसेट आणली तेव्हा मी आठवीत होते. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे 1975 सालचं, जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं. शब्द कळले नाहीत, पण अंगावर काटा आला. वाटलं, शंभर माणसं गाताहेत. पुढे समजलं, तिघांनीच आपले आवाज पुन्हा पुन्हा मुद्रित करून एकावर एक चढवले होते.

गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारोख बलसारा. आणि शिकला कुठे? आमच्या साताऱ्याजवळ, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये! शाळेतल्या पाच मित्रांच्या 'हेक्टिक्स'मध्ये तो पियानो वाजवायचा. आमची सहल पाचगणीला गेली, तेव्हा सगळ्या टेबललँडवर घोड्यांमागे धावत होत्या आणि मी त्या शाळेचं फाटक विचारत फिरत होते. बाईंची बोलणी खाल्ली ती वेगळीच. फ्रेडी 24 नोव्हेंबर 1991 ला गेला, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. मी तेव्हा दोन वर्षांची. म्हणजे मला तो आवडू लागला तोच मुळी गेल्यानंतर.

असो. डबा घेऊन बसले होते, तेवढ्यात सासूबाई आल्या. "काय गं ते?" आता लपवायचं कुठे? सांगून टाकलं. गाण्यांचं सांगून काय कळणार, म्हणून गिटारची गोष्ट सांगितली. बँडमधल्या ब्रायन मेकडे विकत घ्यायला पैसे नव्हते. 1963 साली त्यानं वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, वर आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं आणि विणायच्या सुईचं टोक! तीच गिटार तो आयुष्यभर वाजवत आला.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आईचा डबा कामी आला म्हणायचा. लाव बघू."

दादाचा जुना टेप काढला. त्यांनी डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं. "आरडाओरडा आहे, पण सुरात आहे," म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "इतकी वर्षं लपवलंस कशाला?"

काय उत्तर देणार? त्यांनी कधी नको म्हटलंच नव्हतं. मीच विचारलं नव्हतं.

त्या डब्याच्या तळाशी आणखी एक कागद होता. बी.एड.च्या प्रवेशाचा कोरा अर्ज. तोही मी कुणाला विचारला नव्हता. अर्धवेळ शिकवते आहे, चाललंय, असं म्हणत राहिले. ब्रायननं बँडच्या धामधुमीत खगोलशास्त्रातली पीएच.डी. अर्धवट सोडली होती. तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, 2007 साली, साठाव्या वर्षी ती पुरी केली. विषय काय, तर सूर्यमालेतली धूळ! धूळ झटकणं आपल्यालाही येतंच की.

कॅसेटी जपायच्या असतील तर एवढं करा. दमट जागी ठेवू नका, बुरशी धरते. डब्यात पर्सबरोबर येणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाका. कॅसेटी उभ्या ठेवा, चुलीपासून आणि स्पीकरच्या लोहचुंबकापासून दूर. फीत सैल झाली असेल तर भोकात सहा कडांची पेन्सिल घालून हलक्या हातानं गुंडाळा, आणि वर्षातून एकदा तरी पूर्ण वाजवा.

त्या रात्री जेवणं झाल्यावर यांच्यासमोर तो पिवळा पडलेला अर्ज ठेवला. हे म्हणाले, "हा आता चालणार नाही, नवा भरावा लागेल." प्रवेश परीक्षेचा अर्ज भरलाय. निकाल काय लागेल तो लागो. तुमच्याही माळ्यावर एखादा डबा असेल. खाली काढा, आणि एकट्यानं उघडू नका.