खोडाखोड नको, दुरुस्तीची नोंद करा

मागच्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. ताडीवाला रोडच्या आमच्या वस्तीत मुलांसाठी एक छोटी अभ्यासिका चालते. दोन जुने संगणक आहेत, पंखा आहे, दिवा आहे. रविवारी संध्याकाळी आम्ही तिथे जाऊन बसतो. त्या दिवशी शेजारच्या ताईंची मुलगी कोपऱ्यात संगणकापुढे नुसतीच बसलेली दिसली. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडील रिक्षा चालवतात, आई हिंजवडीच्या एका कंपनीत साफसफाईचे काम करते. आम्ही विचारले, "काय गं, काय झालं?" तर डोळे भरून आले.

"काका, पंधरा दिवसांचं काम गेलं. उद्या प्रोजेक्ट दाखवायचंय."

चार मुलांनी मिळून करायचा तो प्रोजेक्ट. सकाळी अकरापासून ती तशीच बसली होती. बरोबरच्या मुलांना फोन केला नव्हता, सरांना विचारले नव्हते. "सगळे म्हणतील, हिला येतच नाही," एवढेच ती म्हणाली. आता सगळे फोल्डर पुसून टाकायचे आणि नव्याने उतरवून घ्यायचे, असे तिने ठरवले होते.

आम्हाला प्रोग्रामिंग येत नाही. आम्ही बी.कॉम., गेली वीस वर्षे कारकुनी करतो. पण पान फाडण्याआधी वही बघावी एवढे आम्हाला कळते. "थांब, काही पुसू नकोस," असे तिला सांगून आम्ही पलीकडच्या गल्लीतल्या एका मुलाला फोन केला. तो याच अभ्यासिकेत शिकला, आज एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. वीस मिनिटांत आला. "जय भीम काका" म्हणाला आणि तिला पहिला प्रश्न केला, "कमिट केलं होतंस ना?"

"हो दादा, काल रात्रीपर्यंतचं."

"मग ते गेलेलं नाही."

आणि खरोखर गेले नव्हते. त्याने काय केले ते पुढे सांगतो. त्यानंतर दोन रविवार आम्ही त्याच्याजवळ वही घेऊन बसलो आणि मुलांच्या नेहमीच्या अडचणी उतरवून घेतल्या. आज घरोघरी मुले-मुली संगणकाचे शिक्षण घेत आहेत, म्हणून त्या इथे देत आहोत. आज्ञा मराठी अक्षरांत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहाव्यात.

आधी आई-वडिलांसाठी दोन शब्द. कचेरीत एका पत्राचा मसुदा चार वेळा बदलतो. मग संगणकात 'पत्र', 'पत्र नवीन', 'पत्र अंतिम', 'पत्र अंतिम खरे' अशा फायली साचतात आणि साहेबांपुढे नेमकी जुनी जाते. हे आमच्या हातून झाले आहे आणि बोलणीही खाल्ली आहेत. प्रोग्रामच्या कामात तर शेकडो फायली आणि त्यांवर एकाच वेळी अनेकांचे हात. म्हणून कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ठेवणारी वही लागते. आज जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी अशी वही म्हणजे 'गिट'. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ साली लिनक्सच्या कामासाठी तयार केली. तिला एक पैसाही पडत नाही. गिटहब ही वेगळी गोष्ट. त्या वहीची प्रत इंटरनेटवर ठेवण्याची ती जागा. २००८ साली ती सुरू झाली आणि २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहे.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर 'कमिट' म्हणजे रोजकीर्दीत केलेली नोंद. 'पुश' म्हणजे आपल्या नोंदींची प्रत मुख्य कचेरीत पाठवणे. 'पुल' म्हणजे मुख्य कचेरीतल्या इतरांच्या नोंदी आपल्या वहीत उतरवून घेणे. एवढे समजले की पुढचे सोपे आहे.

पहिली अडचण : पुश नाकारले जाते. आपल्या मुलीचे रडणे इथूनच सुरू झाले. तिच्या आधी मैत्रिणीने आपले काम पाठवले होते. तिच्या नोंदी आपल्या वहीत नसताना गिट आपले काम घेत नाही, कारण घेतले तर मैत्रिणीचे काम पुसले जाईल. म्हणजे हा नकार शिक्षा नाही, राखण आहे. उपाय साधा : आधी 'गिट पुल', मग 'गिट पुश'. काही मुले अशा वेळी 'फोर्स' लावून पुश करतात. ते म्हणजे दुसऱ्याची पाने काढून आपली घुसवणे. सामायिक कामात ते कधीही करू नये.

दुसरी अडचण : काम दिसेनासे होते. पुश होत नाही म्हणून मुलीने कुठेतरी वाचलेली 'गिट रीसेट --हार्ड' ही आज्ञा दिली, आणि तिच्या फायली मुख्य कचेरीतल्या प्रतीसारख्या झाल्या. पंधरा दिवसांत तिने कमिट केले होते, पण पुश एकदाही केले नव्हते, त्यामुळे त्या प्रतीत तिचे काम नव्हतेच. दादाने 'गिट रीफ्लॉग' लिहिले. आपण या संगणकावर कोणत्या नोंदीवरून कोणत्या नोंदीवर गेलो याची यादीच समोर आली, आमच्या आवक-जावक बारनिशीसारखी. रीसेटच्या आधीच्या नोंदीपुढे सात अक्षरांचा एक क्रमांक होता. 'गिट ब्रँच', मग एक नवे नाव, मग तो क्रमांक, असे लिहिताच त्या नोंदीला पुन्हा नाव मिळाले आणि काम परत आले.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही यादी फक्त आपल्याच संगणकावर असते, मुख्य कचेरीत जात नाही. मुलीने फोल्डर पुसले असते तर यादीही गेली असती, आणि मग दादाच काय, कोणीच काही करू शकले नसते. अशा सुटलेल्या नोंदी नेहमीच्या मांडणीत साधारण तीस दिवस राहतात, तेवढ्यात त्या शोधाव्यात. आणि जे कमिटच केले नाही, ते सहसा परत येत नाही. रविवारी सकाळी केलेले तीन तासांचे काम तिला पुन्हा करावे लागले.

तिसरी अडचण : कॉन्फ्लिक्ट. दोघांनी एकाच ओळीत वेगवेगळा बदल केला तर कोणाचा ठेवायचा हे गिट ठरवत नाही. ते दोन्ही मजकूर फाईलमध्ये ठेवते आणि वर, मध्ये, खाली सात-सात खुणा करते. मुले त्या खुणा बघून घाबरतात. खरे तर दोघांनी शेजारी बसून कोणते ठेवायचे ते ठरवावे, खुणा काढाव्यात, मग 'गिट अ‍ॅड' आणि 'गिट कमिट'. गोंधळ वाढलाच तर 'गिट मर्ज --अबॉर्ट' लिहावे, म्हणजे मर्ज सुरू करण्याआधीच्या जागी परत येता. पण मर्जला बसण्याआधी आपले काम कमिट केलेले असावे.

चौथी अडचण : चुकीची नोंद झाली. कॉलेजात हिशेबाच्या तासाला आम्हाला एक नियम शिकवला होता : चुकलेली नोंद खोडायची नाही, पान फाडायचे नाही, दुरुस्तीची नोंद घालायची. गिटचा नियमही हाच. शेवटची नोंद अजून कोणाकडे पाठवली नसेल तर 'गिट कमिट --अमेंड' करून सुधारता येते. पण एकदा पुश झाले की 'गिट रिव्हर्ट' करावे. ती उलट नोंद असते. चूक आणि दुरुस्ती दोन्ही वहीत राहतात आणि बाकीच्यांच्या वह्या बिघडत नाहीत.

पाचवी अडचण : नाव दुसऱ्याचे लागते. आमच्या अभ्यासिकेत एका संगणकावर दहा मुले बसतात. आधी बसलेल्याचे नाव त्यात राहिले असेल तर तुमच्या कामाखाली त्याचे नाव पडते. मेहनत तुमची आणि नाव दुसऱ्याचे, हे का चालवून घ्यावे? बसल्याबरोबर 'गिट कॉन्फिग युजर.नेम' लिहून बघावे आणि आपल्या प्रोजेक्टच्या फोल्डरात आपले नाव व ई-मेल घालावे.

सहावी अडचण : पासवर्डची. तिचे दोन प्रकार. पासवर्ड बरोबर असूनही गिटहब पुश करू देत नाही, कारण १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने गिटच्या कामाला खात्याचा पासवर्ड घेणे बंद केले आहे. त्याऐवजी टोकन किंवा एसएसएच किल्ली करून घ्यावी लागते. सामायिक संगणकावर ती मागे ठेवून उठू नये. दुसरा प्रकार जास्त घातक : चुकून आपला पासवर्डच फाईलमध्ये लिहून पुश होतो. पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढली तरी जुन्या नोंदीत तो राहतोच. अशा वेळी आधी पासवर्ड बदलावा, बाकीचे मागाहून.

या सगळ्यांवर दादाने एकच पथ्य सांगितले. काहीही बिघडले की पहिली आज्ञा 'गिट स्टेटस'. ती काहीही बदलत नाही, फक्त आपण कुठे आहोत ते सांगते. त्याखाली पुढे काय करता येईल हेही पुष्कळदा लिहिलेले असते. शांतपणे वाचावे. समजले नाही तर फोल्डर जसेच्या तसे ठेवून जाणत्याला विचारावे. आणि रोजचे काम रोज कमिट करून पुश करावे.

आता जे आम्हाला खरे सांगायचे आहे ते. त्या रविवारी गिटने काम सांभाळले होते. मुलगी मात्र सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत गप्प बसली होती, आणि त्या गप्पपणात ती राहिलेलेही पुसायला निघाली होती. आपल्या घरातली ही पहिली पिढी संगणकापुढे बसते आहे. विचारले तर लोक हसतील, ही भीती तिच्या मनात असते. आम्ही दादाला विचारले, "तुमच्या कंपनीत होतं का असं?" तो हसून म्हणाला, "काका, मोठमोठ्या पगाराच्या लोकांकडून होतं. ते फक्त लगेच विचारतात."

पालकांनी एवढे करावे. मूल रडवेले दिसले तर "लक्ष कुठं असतं तुझं?" असे म्हणू नये. "कुणाला विचारलंस का?" असे म्हणावे. शेजारच्या ताईंना गिट काय ते ठाऊक नाही. पण हिंजवडीहून दमून आल्यावर भाकरी थापता थापता त्या आता रोज विचारतात, "पोरी, आजचं पाठवलंस का?" पोरगी म्हणते, "पाठवलं आई." एवढ्याने पुष्कळ काम सांभाळले जाते.