रत्नाकराचे मंथन स्वदेशीच हवे

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत १९३२ साली विनोबा भावे येऊन राहिले. त्यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी कुष्ठसेवेचे व्रत घेतले आणि १९३६ मध्ये जवळच दत्तपूरचे कुष्ठधाम उभे राहिले. त्या काळी हाताशी होते ते कडू कवठीचे तेल आणि अपार करुणा. रोगाला खरा पायबंद बसला तो १९८१ नंतरच्या बहुविध औषधोपचाराने. त्यातील रिफाम्पिसिनचे मूळ मातीतल्या एका जिवाणूत आहे. सेवेला संशोधनाची जोड मिळाली की काय घडते, त्याचे हे उदाहरण.

आज जिवाणू जुन्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत. २०१९ या एकाच वर्षात त्यामुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मातीतून पुन्हा पुन्हा तीच द्रव्ये हाती येत असल्याने संशोधकांची दृष्टी सागरी जिवाणूंकडे वळली आहे. मात्र हे काम सोपे नव्हे. यांतील बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. जे वाढतात त्यांना खारे पाणी लागते, आणि ते क्षार किण्वनाच्या पोलादी टाक्या खातात. शोधाइतकेच उत्पादनही तपश्चर्या मागते.

ही तपश्चर्या आपल्याला अपरिचित नाही. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या नावातच पिंपरी आहे! पुढे मात्र स्वस्त आयातीच्या मोहात देशाने पेनिसिलिनचे मूलद्रव्य बनवणेच सोडले. ही चूक सुधारण्यास आता कुठे प्रारंभ झाला आहे. २०२४ मध्ये नॅफिथ्रोमायसिन हे स्वदेशी प्रतिजैविक आले. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ४,०७७ कोटींच्या खोल सागर मोहिमेत सागरी जीवसंपदेचा शोधही अंतर्भूत आहे. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात आहे. उणीव आहे ती प्रयोगशाळा आणि कारखाना यांना जोडणाऱ्या सेतूची, आणि दहा-पंधरा वर्षे फळाची वाट पाहणाऱ्या भांडवलाची. नफ्यावर डोळा ठेवणाऱ्या कंपन्या हा धीर धरणार नाहीत. तो शासनानेच धरला पाहिजे.

हळदीचे पेटंट १९९७ मध्ये डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपण रद्द करवून घेतले. सागराबाबत ती वेळच येऊ देऊ नये. आणि आपण घरोघरी एवढे तरी करावे : वैद्यकीय सल्ल्याविना प्रतिजैविक घेऊ नये, घेतले तर अर्धवट सोडू नये. समुद्रमंथनातून अमृताआधी हलाहल निघाले होते. ते आपल्याच बेफिकिरीतून निघू नये.