चपट्या नाकाची किंमत

मांजरांच्या एका जातीचे नाव 'बॉम्बे' आहे. पण तिचा मुंबईशी संबंध नावापुरताच. अमेरिकेतील केंटकी राज्यात निकी हॉर्नर यांनी १९५० च्या दशकात बर्मीज आणि काळ्या अमेरिकन शॉर्टहेअर मांजरांचा संकर सुरू केला. भारतातील काळ्या बिबट्याची छोटी प्रतिकृती घडवायची, हा हेतू. म्हणून नाव मुंबईचे. खरे बिबटे बोरिवलीच्या जंगलात राहतात. अंधेरी, मुलुंड, घाटकोपरच्या घरांत मात्र हौसेने आणली जाते ती बहुधा पर्शियन.

तिचे नावही फसवेच. लांब केसांची मांजरे सतराव्या शतकात इराणकडून युरोपात गेल्याचे सांगतात. पण आजच्या पर्शियनची जनुके युरोपीय मांजरांच्या जवळची निघाली. मुळात माणसाच्या वस्तीत मांजर आले ते सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, धान्यावरच्या उंदरांमागे. रूप पाहून जोड्या लावण्याचा छंद फोफावला तो १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भरलेल्या प्रदर्शनानंतर. म्हणजे बहुतेक 'खानदानी' जातींचे वय जेमतेम दीडशे वर्षे.

रूपासाठीची प्रत्येक निवड घातक नसते. सयामीचे कान, पंजे आणि शेपूट काळपट दिसतात, कारण तिचे रंगद्रव्य शरीराच्या थंड भागांतच तयार होते. त्याचा तिला त्रास नाही. स्कॉटिश फोल्डचे मात्र तसे नाही. तिचे दुमडलेले कान हा कूर्चेचा जन्मजात दोष असून तोच सांधेही दुखवतो. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो; आई किंवा वडील यांपैकी एकात दोष असला, तरी प्रत्येक पिल्लाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

बाजारात 'पंच फेस' पिल्लाला 'डॉल फेस'पेक्षा जास्त भाव मिळतो. ग्राहक ज्यासाठी जादा पैसे मोजतो ते चपटे नाक म्हणजे अरुंद नाकपुड्या, सतत वाहणारे डोळे आणि दाटीवाटीचे दात. मांजर अंग चाटून, लाळ वाळवून शरीर थंड ठेवते. फार तापले तर धापा टाकते. मुंबईच्या दमट मे महिन्यात लाळ लवकर वाळत नाही आणि चपट्या नाकाने धापही नीट लागत नाही. वर अंगावर दाट केस. अशा जनावरासाठी पंखा, थंड लादी आणि रोजची विंचरणी ही चैन नव्हे, गरज आहे.

स्वभावाचे काय? फिनलंडमधील २०१९ च्या अभ्यासानुसार जातीजातींच्या वागण्यात फरक असतो आणि त्यातला जवळपास निम्मा आनुवंशिक असतो. उरलेला निम्मा घर घडवते. लहानपणी माणसांचा हात लागलेले गल्लीतले पिल्लूही तितकेच लडिवाळ होते.

दुकानांना नोंदणी सक्तीची करणारे नियम २०१८ पासून आहेत. पैदाशीचे २०१७ चे नियम मात्र कुत्र्यांपुरतेच. मांजरांची पैदासही त्यांत यायला हवी. तोवर ग्राहकानेच पिल्लाचे आई-वडील पाहावेत, मूत्रपिंडाच्या तपासणीचा आणि लसींचा कागद मागावा, पिल्लू झोपेत घोरते का ते ऐकावे. मागणी बदलली, तर नाकही हळूहळू पूर्ववत होईल. आणि इमारतीच्या जिन्याखाली, कोणतेही प्रमाणपत्र नसलेले, मोकळा श्वास घेणारे एखादे पिल्लू बहुधा घराच्या शोधात असतेच.