मनगटाला काय कळतंय झोपेतलं?

मागच्या दिवाळीला मी बाबांना झोप मोजणारं घड्याळ पाठवलं. आई गेल्यापासून ते मिरजेहून फोनवर रोज एकच सांगायचे, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही रे." आणि मी इथे मँचेस्टरला बसून मोबाईलवर त्यांचा आलेख बघायचो. ७ तास १० मिनिटं. "अहो बाबा, झोपला होतात की छान! तुम्हाला उगाच तसं वाटतं." दोन महिने हे चाललं. मग त्यांनी झोपेबद्दल बोलणंच बंद केलं.

लाजेची गोष्ट अशी की झोप आणि उजेड मोजणारी उपकरणं हाच माझा धंदा आहे. पीएचडी त्यातच केली, पगार त्याचाच मिळतो. तरी घरच्या माणसाशी बोलताना मी सगळं शिकलेलं विसरलो आणि एका आकड्याच्या जोरावर बापाला खोटं पाडलं. त्यामुळे आज जे लिहितोय त्यात थोडा राग स्वतःवर आहे, आणि बराचसा आमच्या धंद्यावर.

तर मंडळी, मनगटावरच्या पट्ट्याला झोप दिसत नाही. झोप असते मेंदूत. ती खरी मोजायची तर डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला तारा चिकटवून रात्रभर प्रयोगशाळेत झोपावं लागतं. (अशा अवस्थेत झोप कशी लागते, हा वेगळा प्रश्न. मला तरी लागली नव्हती.) मनगटाला कळते ती हालचाल. हात हलला तर जागा, नाही हलला तर झोपलेला. संशोधनात वर्षानुवर्षं वापरलेली सूत्रं, म्हणजे १९९२ चं कोल-क्रिप्के किंवा १९९४ चं सादेह, याच तत्त्वावर चालतात. हल्लीची घड्याळं हिरवा दिवा लावून नाडीही बघतात, त्यानं थोडी सुधारणा होते. पण शांत पडून छताकडे बघणारा माणूस त्यांनाही बऱ्याचदा झोपलेलाच वाटतो.

"पण अचूकता ८६ टक्के आहे ना?" हा आमच्या क्षेत्रातला आवडता युक्तिवाद. हा आकडा २०१३ च्या एका नावाजलेल्या तपासणीतला, आणि तो खरा आहे. फक्त त्याच्या शेजारचे दोन आकडे कुणी सांगत नाही. झोपेला झोप म्हणण्यात मनगट ९७ टक्के बरोबर. जागेपणाला जागेपणा म्हणण्यात ३३ टक्के! निरोगी तरुण माणूस अंथरुणातला ९० टक्के वेळ झोपलेलाच असतो. त्याच्या पांघरुणात एक बटाटा ठेवा आणि बटाट्याला प्रत्येक मिनिटाला "झोपलाय" असं म्हणू द्या. बटाट्याची अचूकता ९० टक्के.

आता हेच गणित बाबांना लावू. समजा, ते ८ तास आडवे आहेत, त्यातले ३ तास जागे. त्या ३ तासांपैकी घड्याळाच्या हाती लागणार जेमतेम १ तास. ५ तास झोपलेल्या माणसाला घड्याळ ६ तास ५० मिनिटं देणार. आणि जो जितका जास्त जागा, त्याच्या खात्यावर तितकी जास्त खोटी झोप. म्हणजे ज्याच्यासाठी हे यंत्र आणलं, नेमका त्याच्याच बाबतीत ते सर्वात जास्त चुकतं.

माझा एक सहकारी म्हणतो, हजारो माणसं घेतली की चुका एकमेकींना खाऊन टाकतात. अरे, पण चुका दोन्ही बाजूंना असतील तर ना! इथे सगळ्यांचा काटा एकाच बाजूला झुकलेला. दुकानातले सगळे तराजू हातचलाखीचे असले तर हजार गिऱ्हाइकांची सरासरी काढून माप खरं होत नाही.

काही माणसं स्वतःची झोप कमी सांगतात, हेही खरं आहे. निद्रानाशात तर बऱ्याचदा. पण म्हणून निवाडा कुणी करायचा? ज्याला त्या प्रश्नाचंच उत्तर येत नाही, त्या पंचानं?

उजेडाची कथा तर याहून मजेशीर. डोळ्याच्या पडद्यात बघण्याशी फारसा संबंध नसलेल्या, शरीराच्या घड्याळाला वेळ सांगणाऱ्या पेशी आहेत, हे २००२ मध्ये पक्कं झालं. त्यांना सर्वात जास्त कळतो तो ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड. आपण रोज वापरतो ते लक्स हे माप मात्र ५५५ च्या हिरव्याभोवती बेतलेलं. म्हणून २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानं या पेशींसाठी वेगळं माप ठरवलं, आणि २०२२ मध्ये तज्ज्ञांनी त्या मापात शिफारस केली: दिवसा किमान २५०, झोपण्याआधीचे तीन तास जास्तीत जास्त १०. मोजायचं कुठे? डोळ्यापाशी.

आणि आम्ही मोजतो मनगटावर. इथे डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो आणि घराबाहेर पडणारा माणूस स्वेटर, त्यावर कोट, वर हातमोजे अशा थाटात असतो. मी एकदा एक सेन्सर मनगटाला आणि एक चष्म्याच्या दांडीला लावून भरदुपारी चक्कर मारून आलो. चष्म्यावर काही हजार लक्स, मनगटावर शून्य. कागदावर मी तो अर्धा तास अंधारकोठडीत काढला होता. हे कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या प्रयोगशाळेनं डेसिमीटर नावाचं उपकरण पहिल्यांदा बनवलं तेच डोळ्याजवळ घालायचं. दिसायला जरा विचित्र, लोक घालायला लाजतात. मनगट सोयीचं, म्हणून मनगट.

सोयीचं हेही मी समजून घेईन. पण आकडा कसा काढला ते तरी सांगाल की नाही? आमच्या एका अभ्यासात एका सकाळी सगळ्याच स्वयंसेवकांची झोप अचानक वाढली. आम्हाला वाटलं, काय शोध लागला! निघालं असं की उत्पादकानं रातोरात सूत्र बदललं होतं. विचारलं, तर उत्तर आलं: व्यावसायिक गुपित. जुना कच्चा डेटा मागितला, तर तो साठवलेलाच नव्हता. असे आकडे घेऊन निबंध छापले जातात, आणि त्यांवरून कुणीतरी मिरजेतल्या म्हाताऱ्याला सांगतो, तुम्ही झोपला होतात.

हे वेगळ्या रीतीनं करता येतं. ब्रिटनच्या यूके बायोबँकेनं २०१३ ते २०१५ मध्ये सुमारे एक लाख लोकांना सात दिवस मनगटी सेन्सर घालायला दिला. पडदा नाही, गुण नाहीत, शाबासकी नाही; सेकंदाला शंभर नोंदी, जशाच्या तशा ठेवल्या. त्यात उजेडाचा सेन्सरही होता. २०२३ मध्ये त्यातल्या सुमारे ८७ हजार लोकांच्या उजेडाचा आणि मानसिक आजारांचा संबंध दुसऱ्याच लोकांनी तपासला. बाहीचा घोळ तिथेही आहेच, पण कच्चा माल समोर असल्यामुळे कुणालाही त्यांच्याशी भांडता येतं. माझं मागणं एवढंच आहे. कच्चा डेटा ठेवा, सूत्र उघड करा, उजेड डोळ्यापाशी मोजा, आणि सोबत माणसाला विचारा की बाबा रे, झोप लागली का.

निद्रानाशाचं निदान डॉक्टर आजही मुख्यतः विचारूनच करतात. दोन आठवड्यांची झोपेची वही, तीही पेननं लिहिलेली.

बाबांना मी तेच करायला सांगितलं, माफी मागून. ते कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहितात: '११ आडवा. २ जाग. ४॥ चहा केला.' दर रविवारी त्या पानाचा फोटो पाठवतात आणि मी काही न बोलता वाचतो. मागच्या महिन्यात त्यांच्या डॉक्टरांनीही ती पानं मागून घेतली. घड्याळ शेजारच्या पोराला दिलं म्हणे. तो त्यावर पावलं मोजतो.