दहावं वचनही वाचा

यिर्मयाच्या 29 व्या अध्यायातलं 11 वं वचन तुमच्यापैकी अनेकांच्या घरी भिंतीवर असेल. देवाच्या मनात आपल्या हिताचा विचार आहे, पुढे आशा आहे, असं ते सांगतं. ते काढू नका. फक्त आज जेवणं झाली की त्याच्या आधीचं दहावं वचनही घरात मोठ्यानं वाचा. तिथे सत्तर वर्षं लिहिली आहेत.

हे पत्र आहे, यरुशलेमहून बाबेलला गेलेलं. इ.स.पू. 597 मध्ये नबुखद्नेस्सर राजानं यहूदाचा राजा, त्याची आई, कारागीर, लोहार यांना धरून नेलं होतं. मागे राहिलेल्या यिर्मयानं त्यांना कळवलं, की घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेऊन टाकलंय, त्याच्या भल्यासाठीही प्रार्थना करा.

म्हणजे दया येणार होती, सत्तर वर्षांनी. पण पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांच्या हयातीत नाही, त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला.

त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सांगत होता, दोन वर्षांत सगळं परत येईल. यिर्मयाही आधी म्हणाला, तसंच होवो! आपल्या माणसांचं वाईट व्हावं असं त्याला कुठे वाटत होतं? पण ते खरं नव्हतं. दोन वर्षांच्या भरवशावर बसलेला माणूस झाड लावत नाही.

तुमच्या अडचणीतही कुणीतरी असा येईल. अमक्या दिवसात आजार जाईल, कर्ज फिटेल, एवढं दान द्या, म्हणेल. त्याला पैसे देऊ नका. दागिने मोडू नका. चालू औषध तर मुळीच थांबवू नका. यशयाच्या 55 व्या अध्यायात ज्यांच्यापाशी पैसा नाही, त्यांनाच बोलावणं आहे. दयेचा दर ठरवणारा माणूस कितीही गोड बोलला तरी त्याच्यापासून लांब राहा.

आता एका शेताची गोष्ट. ती 32 व्या अध्यायात आहे.

साधारण दहा वर्षं गेली आहेत. बाबेलच्या सैन्यानं यरुशलेमला वेढा घातलाय. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत आहे. तिथे त्याचा चुलतभाऊ हानामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत तू घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. अनाथोथ हे यिर्मयाचं गाव. त्याच गावच्या माणसांनी एकेकाळी त्याला ठार मारायचा घाट घातला होता. सैन्य तर सगळ्या मुलखात पसरलेलं.

तरी त्यानं शेत घेतलं. 17 शेकेल चांदी तराजूत तोलून दिली. खरेदीखत लिहिलं, सही केली, साक्षीदार बोलावले. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही सगळ्यांदेखत आपला लेखनिक बारूख याच्या हाती दिल्या आणि मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून.

यानंतरचं मला फार जवळचं वाटतं. व्यवहार झाल्यावर यिर्मया प्रार्थना करतो आणि विचारतो, शहर तर बाबेलच्या हाती चाललंय, मग मला शेत का घ्यायला लावलंस? देव त्याला गप्प करत नाही. शहर पडेल, असंच उत्तर येतं. आणि याच देशात पुन्हा शेतं घेतली जातील, खतं होतील, हेही. तुमच्या मनात असा प्रश्न आला तर घाबरू नका. विचारा.

शहर पडलं, मंदिर जळालं. इ.स.पू. 539 मध्ये पारसचा राजा कोरेश यानं बाबेल घेतलं आणि बंदिवानांना परतायची मोकळीक दिली. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात परतलेल्यांची यादी आहे. एरवी आपण ती सोडून पुढे जातो. त्यात एक ओळ अनाथोथच्या माणसांची आहे: 128.

तुमच्या घरात जे मोडलंय, ते सगळं एकदम जोडायला जाऊ नका. वाटणीवरून भावाशी बोलणं बंद असेल, तर आधी एक फोन करा. वाटणीचा विषय त्या दिवशी काढू नका. कर्ज असेल तर हप्ता ठरवून घ्या. मुलगा दारू सोडत असेल, तर त्याला उपचाराला घेऊन जा. तो पुन्हा घसरला तरी दार लावून घेऊ नका. त्या रात्री होशेयचा 11 वा अध्याय वाचा. हट्टी लेकराला आपणच हाताला धरून चालायला शिकवलं, हे देव तिथे आठवतो आणि त्याचा राग ओसरतो.

एक मात्र करू नका. शेजारी कुणावर संकट आलं तर ‘पापाचं फळ’ म्हणू नका. संदेष्टे कडक बोलले ते राजांना, पुरोहितांना, आपल्याच लोकांना. विधवा आणि पोरक्या मुलांच्या बाजूनं ते उभे राहिले. तुम्ही डबा घेऊन जा, थोडा वेळ बसा.

घरात म्हातारं माणूस असेल, तर त्यांना 32 वा अध्याय वाचून दाखवा. ज्यांनी जन्मभर जमिनीचे कागद जपले, त्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही.