दसऱ्याची सूट आणि आठ वर्षांची वही

“वहिनी, रंग कोणता पसंत?”

शोरूममधल्या त्या मुलाने सगळं बोलणं ह्यांच्याशी आणि भाऊजींशी केलं. इंजिन, हप्ता, सूट, सगळं त्यांनाच समजावून सांगितलं. माझ्या वाट्याला तेवढा रंग आला. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मीही हसून “चंदेरी” म्हणाले आणि मोकळी झाले. त्या हसण्याची किंमत पुढे आम्ही सगळ्यांनी मोजली.

दसऱ्याची सूट होती, ७५ हजारांची. शेजारच्या दुकानातली तशीच गाडी तेवढ्याने महाग होती, म्हणून ही घेतली. तीन वर्षांत कंपनीने ते मॉडेल बंद केलं. सांगलीतलं सर्व्हिस सेंटरही बंद झालं, मग प्रत्येक कामाला कोल्हापूर. पाचव्या वर्षी क्लच गेला, तर सुटा भाग यायला तीन आठवडे लागले. नेमकं त्याच काळात मामंजींचं डायलिसिस सुरू होतं, आठवड्यातून दोनदा मिरजेला. गाडी गॅरेजमध्ये आणि मामंजी रिक्षात, अंगावर शाल घेऊन, धक्के खात. ते काही बोलले नाहीत. पण परत येताना एकदा म्हणाले, “सूट कुणाला मिळाली गं, आपल्याला की त्यांना?” मामंजी आता नाहीत. तो प्रश्न मात्र राहिला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा आमच्या घरात पुन्हा नव्या गाडीचं बोलणं निघालं. ह्या वेळी मी म्हटलं, आधी वही, मग शोरूम. किराणा, दूध, गॅस, लाईट बिल ह्यांचा पै-पैचा हिशेब आपण बायका ठेवतो. मग घरानंतरची सगळ्यात मोठी खरेदी फक्त पाटीवरच्या किमतीवर कशी सोडून द्यायची?

माझं मत सरळ आहे. गाडीची किंमत पाटीवर लिहिलेली नसतेच. ती घेतल्यापासून विकेपर्यंत जेवढे पैसे जातात, त्यातून विकताना हाती येणारे पैसे वजा केले की जी उरते, ती खरी किंमत.

मी दोन गाड्यांसाठी एकेक पान केलं. आमचं फिरणं वर्षाला साधारण १० हजार किलोमीटर. बाजार, मुलीचं कॉलेज, मिरजेचे डॉक्टर, महिन्यातून एकदा कुंभोजचं बाहुबली आणि वर्षातून एकदा श्रवणबेळगोळ. गाडी आठ वर्षं ठेवायची, म्हणजे ८० हजार किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं.

पहिली गाडी सुटीवर, रस्त्यावर येईपर्यंत ९ लाख २५ हजार. लिटरला १४ किलोमीटर चालते, म्हणजे आठ वर्षांत पेट्रोल ६ लाखांचं. सर्व्हिसिंग वर्षाला १२ हजार, एकूण ९६ हजार. जुन्या गाड्या घेणाऱ्याकडे विचारलं, आठ वर्षांनी किती येतील? म्हणाला, दोन लाख मिळाले तरी पुष्कळ.

दुसरी गाडी बिनसुटीची, १० लाख. लिटरला १८ किलोमीटर, म्हणजे पेट्रोल ४ लाख ६७ हजारांचं. सर्व्हिसिंग वर्षाला ८ हजार, एकूण ६४ हजार. विकताना सव्वातीन लाख सहज येतील, कारण हिचे भाग गल्लीतल्या गॅरेजातही मिळतात.

विमा, टायर आणि बॅटरी ह्यांचे आठ वर्षांचे दोन लाख दोन्हीकडे सारखेच धरले. बेरीज-वजाबाकी केली तर पहिली पडते १६ लाख २१ हजारांना, दुसरी १४ लाख ६ हजारांना. म्हणजे ७५ हजार वाचवायला जाऊन २ लाख १५ हजार जास्त गेले असते. किलोमीटरला सांगायचं तर एक वीस रुपयांची गाडी आणि एक साडेसतरा रुपयांची. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्या गावात, तुमच्या फिरण्यात ते बदलतील. पद्धत बदलणार नाही.

भाऊजींचं म्हणणं होतं, डिझेल घेऊ, स्वस्त पडतं. त्यांनाही वही दाखवली. १० हजार किलोमीटरला पेट्रोल ५८ हजारांचं, डिझेल ४६ हजारांचं. वर्षाला बारा हजार वाचतात, पण डिझेलची गाडी सव्वा लाखाने महाग. वर आपल्याकडे १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रस्ता कर ११ टक्के आणि डिझेलला १३. जास्तीचे पैसे फिटायलाच दहा वर्षं जातात. शिवाय २०२० पासूनच्या नव्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी धरणारी गाळणी असते. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरवलं तर ती तुंबते. भाऊजी आठवड्यातून तीनदा पुण्याला जात असते तर मीच डिझेल म्हटलं असतं.

हप्त्याचंही तसंच. शोरूममध्ये विचारतात, “महिन्याला किती जमेल?” हा प्रश्नच चुकीचा आहे. आठ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १२,९०० आणि पाच वर्षांसाठी १६,६००. पहिला हलका वाटतो, पण त्यात व्याज जातं २ लाख ८१ हजार, दुसऱ्यात १ लाख ९६ हजार. ८५ हजारांचा फरक, आणि तोही अशा वस्तूसाठी, जिची किंमत विमा कंपनी पाचव्या वर्षी निम्मी धरते. १६,६०० चा हप्ता जड वाटत असेल तर गाडी लहान घ्यावी, मुदत वाढवू नये.

विम्यातली एक गोष्ट पुष्कळ जणींना माहीत नसते. सलग पाच वर्षं क्लेम केला नाही तर आपल्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. ही सवलत गाडीची नसते, मालकाची असते. जुनी गाडी विकताना तिचं पत्र मागून घ्या आणि नव्या गाडीला लावा. आम्ही मागच्या वेळी मागितलंच नव्हतं!

आता दुसरी बाजू. ह्यांनी विचारलं, “सगळंच पैशात मोजायचं का?” नाही. सुरक्षितता त्या वहीत बसत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप सुरू झालं आहे, गाडी आदळून तपासतात आणि तारे देतात. तारे कमी असतील तर किलोमीटरला दोन रुपये वाचले तरी मला ती गाडी नको. एअरबॅगवर काटकसर करायची नाही, ती छतावरच्या काचेवर आणि मोठ्या पडद्यावर करावी. म्हणून वही काढण्याआधीच मी कमी ताऱ्यांच्या गाड्या यादीतून काढून टाकल्या होत्या.

आणि सगळ्यात स्वस्त गाडी कोणती? पुष्कळदा दारात उभी असलेलीच. तिचे भाग मिळत असतील, ती रस्त्यात दगा देत नसेल, तर आणखी दोन वर्षं वापरावी. आमची तशी नव्हती म्हणून विकली.

परिग्रह म्हणताना आपण वस्तू मोजतो, किती साड्या, किती दागिने. पण काही वस्तू घरात आल्यावर रोज मागत राहतात. गाडी तशी आहे. ती किती मागणार हे आधी विचारणं म्हणजे कंजूषपणा नव्हे. मामंजींच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दोन पानांत मिळालं.

आम्ही बिनसुटीची गाडी घेतली. ह्या वेळीही शोरूममधल्या मुलाने विचारलं, “वहिनी, रंग?” मी म्हटलं, रंगाचं नंतर बघू. आधी सांगा, ४० हजार किलोमीटरच्या सर्व्हिसिंगला किती खर्च येतो, क्लच बदलायला किती लागतात आणि इथल्या सर्व्हिस सेंटरमध्ये सुटे भाग किती दिवसांत येतात. तो आत जाऊन साहेबांना घेऊन आला.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी ह्या पाडव्याला गाडीचं बोलणं निघालं तर हेच तीन प्रश्न विचारा. उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि मगच रंग सांगा.