बाटली घरपोच, पैसे परस्पर



भैरवगढला कालभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखवतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पुजारी बाटलीतले मद्य ताटलीत ओतून देवाच्या मुखाशी धरतात, उरलेले भक्ताला प्रसाद म्हणून परत मिळते. त्यात कोणाला लपवण्यासारखे काही वाटत नाही. घरातली बाटली मात्र कपाटात, कपड्यांच्या मागे असते. या लपवाछपवीचा फायदा ठग कसा घेतात, ते सांगण्यासाठी हा लेख.

१ एप्रिल २०२५ पासून राज्य सरकारने १९ धार्मिक ठिकाणची दारूची दुकाने बंद केली. त्यात उज्जैन महापालिकेची हद्दही आली. निर्णय योग्य की अयोग्य, यावर प्रत्येकाचे मत असेल. पण दुकान बंद झाले म्हणून मागणी एका दिवसात संपत नाही. माणूस मोबाइल हातात घेतो. करोनाच्या काळात नेमके हेच घडले.

४ मे २०२० रोजी टाळेबंदीत थोडी सवलत मिळाली आणि देशभर दुकानांपुढे रांगा लागल्या. मुंबईत गर्दी आवरेना, तेव्हा दोन दिवसांत दुकाने पुन्हा बंद करावी लागली. ८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरपोच विक्रीचा विचार करावा, असे राज्यांना सुचवले. त्यानंतर महाराष्ट्राने परवानाधारकांना घरपोच मद्य देण्याची मुभा दिली. छत्तीसगडने त्याआधीच सरकारी महामंडळामार्फत ऑनलाइन नोंदणी सुरू केली होती.

या दोन पद्धतींत एक महत्त्वाचा फरक होता. छत्तीसगडमध्ये नोंदणीचे दार एकच आणि तेही सरकारी. महाराष्ट्रात ग्राहकाने आपापल्या दुकानाला फोन किंवा व्हॉट्सॲप करायचे होते. दुकानाचा नंबर ठाऊक नसला की लोक तो इंटरनेटवर शोधत, आणि ठगांनी तिथेच जाळे लावले. खऱ्या दुकानाचे नाव आणि फोटो, पण नंबर स्वतःचा. ‘आधी पैसे भरा, अर्ध्या तासात माल घरी.’ दुकानदाराला यातले काहीच माहीत नसे.

माझा पुण्याचा भाचा यात सापडला. दोन बाटल्यांचे ३,००० रुपये आगाऊ भरले, बाटल्या आल्या नाहीत. पुन्हा फोन केला तर उत्तर मिळाले, ‘साहेब, पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका.’ पिन टाकला आणि आणखी १८,००० गेले. आठ दिवस त्याने हे घरात कोणाला सांगितले नाही. का, तर आईला आणि मामाला कळेल की हा घेतो! माझी उभी नोकरी बँकेत गेली, आणि भाच्याने मलाच विचारायचे टाळले, याचे वाईट अजून वाटते.

अशा प्रकरणात वेळ हाच पैसा असतो. गेलेली रक्कम ठगाच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी तक्रार झाली, तरच ती अडवता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतःच्या चुकीने गोपनीय माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे गप्प बसलेला प्रत्येक तास आपल्या खात्यावर नावे पडतो.

जून २०२१ मध्ये अभिनेत्री शबाना आझमी यांचीही अशीच फसवणूक झाली. मुंबईतील एका प्रसिद्ध दुकानाच्या नावाने पैसे घेतले गेले, माल आला नाही. त्यांनी ते समाजमाध्यमावर उघडपणे सांगितले, त्यामुळे इतर अनेक जण सावध झाले. मला ते कौतुकास्पद वाटले.

आता आपल्या गावाचे. मध्य प्रदेशात दारू घरपोच देण्याची परवानगी नाही. तेव्हा उज्जैनमध्ये जो कोणी ‘घरी आणून देतो’ म्हणेल, तो एकतर बेकायदा विक्रेता किंवा सरळ ठग. तिसरी शक्यताच नाही. नैवेद्याची बाटली मंदिराजवळ पोचवतो, असे कोणी फोनवर सांगितले, तरी हाच नियम लावा. बाहेरगावच्या पाहुण्यांनाही हे आधीच सांगून ठेवा.

दुसरे, पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. तिसरे, फसलाच तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे कसे गेले, ते सांगा. घेता की नाही, याचा हिशेब तिथे द्यायचा नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुलगा किंवा सून असे काही सांगायला आली, तर आधी फोन लावू द्या, उपदेश नंतर करा. कालभैरवापुढे आपण बाटली उघडपणे ठेवतो. घरातही तेवढा मोकळेपणा असू द्या.